वखार बदलताना किल्ल्यांची मोजदाद

वखार बदलताना पोती मोजून घेण्याइतकेच किल्ल्या मोजून घेणे अगत्याचे असते, हे आपल्या सभासदबंधूंस सांगावयास नको. जुनी किल्ली हमालांच्या मुकादमाकडे राहून गेली, अथवा नव्या कुलपाची जादा किल्ली सुतारानेच ठेवून घेतली, तर पुढे मालात घट आल्यास संशय कोणावर घ्यावा? आपल्यापैकी बहुतेकांची खतावणी आता संगणकात गेली आहे. तेथेही अशीच एक वखार असते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. आमच्याही आले नव्हते.

संगणकाचा कारभार चालविणारे सॉफ्टवेअर एकसंध नसते. ते शेकडो लहानमोठ्या गठ्ठ्यांचे बनलेले असते. या गठ्ठ्यांस 'पॅकेज', आणि ते इंटरनेटवर जेथे साठविलेले असतात त्या कोठारास 'रिपॉझिटरी' म्हणतात. आपले यंत्र ठरलेल्या कोठारातून सुधारलेले गठ्ठे मागवून घेते. प्रत्येक गठ्ठ्यावर कोठारवाल्याची सांकेतिक मोहोर असते आणि ती जुळली तरच माल आत घ्यावा, असा शिरस्ता आहे.

आमच्या बेळगावच्या पेढीतील सर्व्हर 'सेंटओएस ७' या लिनक्स प्रणालीवर चालत असे. तिची डागडुजी ३० जून २०२४ रोजी बंद झाली. तिच्या पुढच्या आठव्या आवृत्तीची कथा तर याहून चमत्कारिक. ती २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर लोक होते. परंतु ३१ डिसेंबर २०२१ रोजीच ती संपेल, असे रेड हॅट कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले. त्या पोकळीत 'अल्मालिनक्स' व 'रॉकी लिनक्स' या दोन प्रणाली २०२१ साली उभ्या राहिल्या. आम्ही पहिलीचे कोठार पत्करले आणि बदलाचे काम एका संगणकवाल्या मंडळींकडे सोपविले.

त्यांच्या तरुण कारागिराने दोन गोष्टी केल्या. नव्या कोठाराची मोहोर यंत्रास ओळखता येईना, तेव्हा ती रीतसर नोंदविण्याऐवजी त्याने मोहोर तपासण्याचा नियमच बंद करून टाकला. पुढे हिशेबाचा प्रोग्रॅम 'परवानगी नाही' असे सांगू लागला, तेव्हा सर्व फाईली सर्वांस वाचण्या-लिहिण्यास मोकळ्या केल्या. काम चालू झाले, बिल आले, आम्ही चुकते केले.

तिसऱ्या आठवड्यात खानापूरकडील एका किरकोळ दुकानदाराच्या खात्यातील सात पोती मसुरीची उधारी नाहीशी झालेली आढळली. यंत्राच्या नोंदीत नाव होते आमच्या दिवाणजींचे, वेळ रात्री नऊची. तीस वर्षे पेढीवर असलेला मनुष्य! आम्ही त्यांस उघड काही बोललो नाही, केवळ तिजोरीची किल्ली मागून घेतली. त्यांनी ती मुकाट्याने काढून दिली.

चार दिवसांनी उलगडा झाला. दिवाणजींचा पासवर्ड पेढीत सर्वांस ठाऊक होता, आणि कारागिराने तोच वापरून आपल्या घरून चाचणी घेतली होती. चाचणीत नोंद पुसली गेली, ती पुन्हा घालण्याचे राहिले. आम्ही किल्ली घेऊन दिवाणजींच्या घरी गेलो. ती हाती घेताना ते एवढेच म्हणाले, "अण्णा, आधी मला विचारायला हवं होतंत."

नंतर आम्ही जाणत्यांकडून समजून घेतले ते असे. लिनक्समध्ये 'रूट' हा सर्वाधिकारी. पॅकेज बसविताना त्यातील सूचना रूटच्या अधिकाराने चालतात. म्हणून कोठारांची यादी ज्यास बदलता येते, त्याच्या हाती अख्खे यंत्र आले असे समजावे. ही यादी केवळ रूटला लिहिता यावी. रूटचा पासवर्ड कोणासही वाटू नये. ज्यास काम करावयाचे त्यास त्याच्या स्वतःच्या नावाने, नेमून दिलेल्या कामापुरता 'सुडो' अधिकार द्यावा, म्हणजे कोणी काय केले हे वहीत उमटते. जुन्या कोठाराचे प्रवेश-संकेत बदलाच्या दिवशीच रद्द करावेत. काम सोडून गेलेल्यांची खाती आपोआप मरत नाहीत. आमच्या यंत्रावर दोन वर्षांपूर्वी गेलेल्या गुमास्त्याचे खाते जिवंत सापडले.

कोठाराच्या पलीकडच्या दारावरही किल्ल्या असतात, म्हणजे तेथे माल भरण्याचा अधिकार. 'एनपीएम' नावाच्या मोठ्या कोठारात 'इव्हेंट-स्ट्रीम' हे पॅकेज होते. ते विनामोबदला सांभाळणारे डॉमिनिक टार यांनी २०१८ साली मदत करू इच्छिणाऱ्या एका अनोळखी माणसास प्रकाशनाचा अधिकार देऊन टाकला. त्या इसमाने 'कोपे' या पाकिटातील बिटकॉइन चोरण्याची युक्ती एका जोड-पॅकेजमधून आत सरकविली. नोव्हेंबरात ती उघडकीस आली. कुलूप कोणी फोडले नव्हते. किल्ली हातानेच दिली गेली होती. 'पायपीआय' या पायथन भाषेच्या कोठाराने १ जानेवारी २०२४ पासून सर्व खातेदारांस पासवर्डाखेरीज दुसरी ओळखही सक्तीची केली आहे.

आमच्या पेढीत मोहोर तपासण्याचा नियम पुन्हा चालू केला आहे. खाती अकरा होती, ती पाच उरली. दिवाणजींनी आपला पासवर्ड स्वतः ठरविला. तो आम्हांसही ठाऊक नाही.