जुनी गाडी : दुरुस्त करावी की बदलावी?

कष्टकऱ्याच्या घरात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुसरी पाळी सुटते तेव्हा एस.टी. गेलेली असते, रिक्षावाला दुप्पट मागतो. अशा वेळी गाडीच माणसाला घरी आणते. म्हणून ती वारंवार बंद पडू लागली की घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो विकून टाका, दुसरा म्हणतो वडिलांनी घेतलेली आहे. दोघांचेही खरे असते, पण कागद-पेन घेऊन हिशेब कोणी मांडत नाही.

आमच्या वस्तीतील एका बांधवाची २००९ सालची स्प्लेंडर आहे. कारखान्यात जाऊन-येऊन रोज चाळीस किलोमीटर. सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, म्हणजे इंजिन ऑइल जाळू लागले. साठचे अ‍ॅव्हरेज चाळीसवर आले. बोअर, पिस्टन, रिंगा धरून मेकॅनिकने सात हजार सांगितले. आधीच्या वर्षी टायर, बॅटरी आणि चेनसेटवर साडेपाच हजार गेले होते. "एवढा पैसा घातलाय, आता सोडवत नाही," असे तो म्हणाला. मी पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. आमच्या शास्त्रात अशा पैशाला बुडीत खर्च म्हणतात. गाडी ठेवली तरी तो परत येत नाही, विकली तरी येत नाही. बघायचे ते पुढचे.

महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर हजारावर किलोमीटर होतात. अ‍ॅव्हरेज घसरल्याने महिन्याला साडेआठ लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरला शंभर रुपये धरले तरी साडेआठशे झाले! म्हणजे इंजिनाचे काम न करणे हाही खर्चच आहे.

आता नव्या गाडीकडे वळू. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ही चांगली गोष्ट. पण आपण गाडी हप्त्यावर घेतो, आणि खरी मेख तिथेच आहे. या बांधवाला साठ हजारांच्या कर्जावर "फक्त बारा टक्के फ्लॅट" सांगण्यात आले. फ्लॅट म्हणजे तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवरच. तीन वर्षांचे व्याज २१,६०० आणि हप्ता सुमारे २,२६७ रुपये. घटत्या शिलकेवर मांडले तर हाच दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाच्या खऱ्या वार्षिक दराचे पत्रक ग्राहकाला द्यावे लागते. ते मागा, वाचा आणि मगच सही करा.

त्याच्या पत्नीने एका वाक्यात निकाल लावला. "सात हजार म्हणजे तीन हप्ते. आणि जूनमध्ये पोरीची कॉलेजची फी आहे." इंजिनाचे काम झाले. (घरातील मोठ्या खरेदीत बायकांना शेवटी विचारण्याची आपली सवय कधी जाणार?)

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी आर.टी.ओ.त पुन्हा करावी लागते. त्याची फी, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी हेही दुरुस्तीच्या रकमेत धरा.

मात्र प्रत्येक गाडीला हा न्याय लागू नाही. स्प्लेंडरचे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात. एलएमएलसारख्या बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीचे पार्ट शोधण्यातच खाडा पडतो. दुसरे म्हणजे इंजिन पुन्हा बांधता येते, पण चॅसी गंजून सडली असेल, एकाच जागी दोनदा वेल्डिंग झाले असेल, तर मेकॅनिकने कितीही धीर दिला तरी ऐकू नका. त्या गाडीवर मागे बायको आणि टाकीवर लेकरू बसते. तिथे हिशेब मांडायचाच नाही, गाडी बदलायची. नवी झेपत नसेल तर ओळखीतली, कागदपत्रे पूर्ण असलेली चार-पाच वर्षांची गाडी बघावी, आणि आपला मेकॅनिक सोबत न्यावा.

जुनी विकताना नमुना २९ व ३० भरून गाडी घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा. नुसत्या स्टँपपेपरवर गाडी देऊन मोकळे होऊ नका. उद्या तिने अपघात केला तर भरपाईसाठी नोंदणीवरचाच मालक जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.