बटन, बटन, ग्राफिक, बटन

"मॅडम, तुमचा पहिला धडा उघडला, पण मला नुसतं 'बटन, बटन, ग्राफिक, बटन' एवढंच ऐकू येतंय. शिकायचं कुठून?"

साताऱ्याकडच्या एका मुलीचा हा फोन. मला आधी काही उलगडाच होईना. "धडा ऐकायचा नाही गं, बघायचाय," मी म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मला दिसत नाही."

मी जीभ चावली. पुण्यात वीस-बावीस वर्षं मी जर्मन शिकवतेय. २०२०च्या टाळेबंदीत क्लास बंद पडला आणि मैत्रिणीच्या मदतीने आम्ही मराठी माणसांसाठी जर्मन शिकवणारी वेबसाइट सुरू केली. रंगीत चित्रं, खेळ, कोडी! कौतुकही भरपूर झालं. कुणाला जर्मनीतल्या नवऱ्याकडे जायचं म्हणून परीक्षा द्यायची असे, कुणाला तिकडे शिकायला जायचं असे. 'घरबसल्या कुणालाही शिकता येईल' असं मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्या 'कुणालाही'त ही मुलगी नव्हती.

मी ओशाळून म्हटलं, "फी परत पाठवते हं." तर ती म्हणाली, "पैसे नकोत मॅडम, धडा हवाय. याआधी एका क्लासने 'तुला फळा कसा दिसणार' म्हणून परत पाठवलंय. ऑनलाइन तरी जमेल असं वाटलं होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला शिकवलं. ती 'एनव्हीडीए' नावाचं सॉफ्टवेअर वापरते. पडद्यावर जे असेल ते हे सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी, मायकेल करन आणि जेम्स टेह यांनी, २००६मध्ये त्यावर काम सुरू केलं. ते मोफत मिळतं. मीही ते उतरवून घेतलं, संगणकाचा पडदा बंद केला, माउस बाजूला ठेवला आणि माझाच पहिला धडा उघडला. पाच मिनिटांत घाम फुटला!

जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं असतात. तो, ती, ते, तसं 'डेर, डी, डास'. लक्षात राहावं म्हणून मी पुल्लिंगी शब्द निळे, स्त्रीलिंगी लाल आणि नपुंसकलिंगी हिरवे केले होते. किती अभिमान होता मला त्या रंगांचा! पण वाचून दाखवणाऱ्या आवाजाला रंग कुठला? लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसांचीही तीच गत.

'फाटर' म्हणजे वडील. संगणकाने ते इंग्रजी थाटात 'व्हेटर' वाचलं. कारण हा शब्द जर्मन आहे, हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. मजकुराच्या मागे भाषेची एक छोटीशी खूण घातली की आवाज आपोआप जर्मन होतो. भाषा शिकवणाऱ्या वेबसाइटवर नेमकी तीच खूण नव्हती! माझ्या जुन्या मराठी नोट्स तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात होत्या. वरून देवनागरी दिसे, पण आत इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तिला तो तसाच ऐकू यायचा.

आमची वेबसाइट सांभाळणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, एका मुलीसाठी एवढं?" त्याचंही चुकलं नाही, पैसे तर लागणारच होते. पण मी म्हटलं, "एकीने फोन केला रे. न करता गेलेल्या किती असतील?" तो गप्प झाला. नंतर त्यानेच जागतिक नियमावली शोधून काढली. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून असे नियम १९९९पासून आहेत आणि २०२३मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली आहे. आपल्याकडेही २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. २०२५मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं.

मग आम्ही एकेक धडा उसवून पुन्हा शिवायला घेतला. रंग ठेवले, पण शब्दाआधी 'डेर, डी, डास' लिहिलंच. चित्र ओढून नेण्याच्या खेळाला नुसत्या कळफलकाने उत्तर द्यायची सोय केली. वीस सेकंदांचं घड्याळ बंद करता येऊ लागलं. फिकट राखाडी अक्षरं गडद केली.

चित्रामागे वर्णन लिहिताना मात्र गंमत झाली. सफरचंदाच्या चित्रामागे मी उत्साहाने 'आप्फेल' लिहिलं. ती हसत सुटली. "मॅडम, तुम्ही उत्तरच फोडलंत!" मग तिथे मराठीत 'सफरचंद' लिहिलं. जर्मन शब्द तिने आठवायचा.

पुढे एका आईचा फोन आला. तिच्या मुलाला ऐकू कमी येतं. मग प्रत्येक संवाद लेखी दिला, व्हिडिओखाली अक्षरं आणली. याचा फायदा कुणाला जास्त झाला असेल? दुपारी लेकराला मांडीवर झोपवून, आवाज बंद ठेवून शिकणाऱ्या आयांना! आणि मोठी, गडद अक्षरं आवडली ती जर्मनीतल्या नातवंडांशी बोलायचं म्हणून शिकणाऱ्या आजींना.

सगळं सुधारलं असं मात्र नाही हं. जुने काही धडे अजून बाकी आहेत. पण आता नवा धडा तयार झाला की तो आधी साताऱ्याला जातो. ती तपासते, चुका काढते आणि त्याचे पैसे घेते. "फुकट नको," हे मीच बजावलं. पहिली पातळी तिने पार केलीय, दुसरीचा अभ्यास सुरू आहे. सध्या बँकेत फोन घेते, पुढे जर्मन ग्राहकांशी बोलायची नोकरी हवीय तिला.

परवा तिचा फोन आला. "मॅडम, सातवा धडा बघितला. तिसऱ्या प्रश्नात पुन्हा नुसतं 'बटन' आहे."

"बघितला" म्हणाली ती. मी हातातली पोळी तव्यावर टाकली, गॅस बारीक केला आणि वही-पेन घेऊन बसले.