एकच सूचना ग्रुपवर चारदा कशाला? वर पिन करा, खाली परत टाकू नका

बोरी अरब (ता. दारव्हा) : सकाळी मोबाईल उघडला की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ढीगभर मेसेज. त्यात पीक विम्याची एकच सूचना चारदा. एकाने वर पिन केली, दुसऱ्याने तीच खाली टाकली, तिसऱ्याने तिचा फोटो टाकला, चौथ्याने दुसऱ्या ग्रुपवरून फॉरवर्ड केली. जास्त वेळा टाकली म्हणजे जास्त लोक वाचतील, असे वाटते. होते उलटेच. तेच तेच दिसले की माणूस न वाचता पुढे सरकतो. मग त्या गर्दीत नळाची, रेशनची, नाहीतर कुणाच्या मयतीची खबर हुकते.

खरे नुकसान तारखेचे

२०२३ च्या खरिपात पीक विम्याची मुदत ३१ जुलैला संपत होती, ती ३ ऑगस्टपर्यंत वाढली. २०२४ मध्ये १५ जुलैची ३१ जुलै झाली. अशा वेळी जुन्या तारखेच्या नकला ग्रुपवर तशाच राहतात. ज्याच्या नजरेस जुनी तारीख पडली, तो 'मुदत गेली' म्हणून घरीच बसतो. सूचना एकाच जागी असेल तर दुरुस्तीही एकाच जागी करता येते.

काय करायचे?

१) पिन करा : मेसेज दाबून धरा, मेनूमधून 'पिन करा' निवडा. २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस असे पर्याय येतात. कामाची मुदत पाहून निवडा. एका ग्रुपवर तीनच मेसेज पिन राहतात. चौथा केला की सर्वात जुना निघतो. म्हणून शुभेच्छा, वाढदिवस पिन करू नका.

२) पिन केलेली सूचना खाली परत टाकू नका : कोणी विचारले, "भाऊ, शेवटची तारीख कोणती?" तर नवीन नक्कल टाकायची नाही. वरच्या पट्टीवर बोट ठेवले की मूळ मेसेज उघडतो, एवढे सांगा. मुदतीच्या आदल्या दिवशी आठवण द्यायचीच असेल, तर मूळ मेसेजला रिप्लाय करून द्या.

३) तारीख बदलली तर : पाठवल्यापासून १५ मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो, पण दुरुस्ती झाल्याची वेगळी सूचना लोकांना जात नाही. त्यानंतर मात्र जुना मेसेज सर्वांसाठी डिलीट करा आणि नवा टाकून तो पिन करा. पहिल्याच ओळीत 'मुदत वाढली' आणि नवी तारीख लिहा. ॲडमिनला इतरांचे मेसेजही डिलीट करता येतात. जुना मेसेज डिलीट होत नसेल तर त्याचा पिन काढा आणि त्यालाच रिप्लाय करून 'ही तारीख जुनी आहे' असे लिहा.

४) पिन कोण करणार ते ठरवा : ग्रुपच्या सेटिंगमध्ये हा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवता येतो. गावात दोघा-तिघांवर ही जबाबदारी द्या. एक गावाला गेला तर दुसरा पाहील.

५) ग्रुप अनेक असतील तर : वॉर्डाचा, शेतकऱ्यांचा, बचत गटाचा असे ग्रुप वेगळे असले तरी माणसे बरीचशी तीच असतात. हे ग्रुप व्हॉट्सॲपच्या 'कम्युनिटी'त जोडता येतात. तिथल्या घोषणा विभागात ॲडमिनने एकदा टाकलेली सूचना सर्वांना जाते. तीन ग्रुपमध्ये असलेल्यालाही ती एकदाच मिळते.

फॉरवर्ड करण्याआधी एवढे करा

ग्रुप उघडून वरची पट्टी पाहा. सूचना तिथे असेल तर आपली टाकू नका. नसेल तर आधी ॲडमिनला पाठवा. आणि ॲडमिनने काम झाले की पिन काढायला विसरू नये. मुदत संपलेली सूचना वर तशीच राहिली, तर लोक ती पट्टी पाहणेच सोडून देतात आणि पुढची कामाची सूचनाही वाचली जात नाही.