गटासाठी कादंबरी निवडताना

आम्ही मालवणात पुस्तकं विकतो. बचत गटाच्या बायका विचारतात, "सगळ्यांनी मिळून वाचायला कुठली कादंबरी घेऊ?" आमचं मत असं, की जिच्यातलं दुखणं आपल्या ओळखीचं, ती आधी घ्यावी.

तुळजापूरचे देविदास सौदागर स्वतः शिवणकाम करणारे. तयार कपडे आले आणि शिंप्याचं काम कसं सुटत गेलं, ते त्यांच्या 'उसवण'मध्ये आहे. तिला २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. घरी मशीन चालवणारीला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण' धरणामुळे उठलेल्या गावाची आणि मागे राहिलेल्या म्हशीची गोष्ट. तिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. तिळारी धरणामुळे घर सोडावं लागलेली माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. भाषा कोल्हापूरकडची, म्हणून एकीने मोठ्याने वाचावी. डोळ्यांपेक्षा कानांना ती लवकर कळते.

मुलांना उपदेशाचं पुस्तक नको असतं. भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' रहस्यासाठी द्या, संगीता बर्वे यांची 'पियूची वही' लिहिण्याच्या गोडीसाठी. तिच्यासोबत एक कोरी वहीही द्या.