‘आम्ही कुठे पैसे घेतले?’

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चौदाव्या किलोमीटरला चितेगाव येतं. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यामुळे हे नाव एकेकाळी देशभर पोचलं होतं. १९८०च्या दशकात व्हिडिओकॉनने जपानच्या तोशिबाशी तांत्रिक करार केला आणि त्या करारावर रंगीत टीव्ही बनवले. तंत्र जपानचं, कंपनी इथली, आणि मधे दोघांच्या सह्यांचा कागद. जपानहून आता तंत्राऐवजी गोष्टी येतात. मराठवाड्यातली कॉलेजची मुलं मोबाइलवर ‘नारुतो’, ‘वन पीस’, ‘डीमन स्लेयर’ असे ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, पाहतात आणि टेलिग्रामवरून एकमेकांना पाठवतात. मालिकेचा परवाना भारतात रीतसर कोणीतरी घेतलाय, मग ही फाइल का फिरवता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘भाषांतर चाहत्यांनी केलंय, फुकट केलंय. आम्ही कुठे पैसे घेतले?’

हे उत्तर इतक्या ठामपणे दिलं जातं की ऐकणाऱ्यालाही ते पटू लागतं. पण त्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पैसे घेतले नाहीत म्हणजे गुन्हा नाही. भाषांतर ज्याने केलं, वाटण्याचा हक्क त्याचा. आणि अधिकृत आवृत्ती आली तरी काही बदलत नाही. तिन्ही चूक आहेत, आणि तिसरी सर्वांत जास्त.

आधी कायदा. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. चित्रपट किंवा मालिकेची प्रत काढणं आणि ती लोकांपर्यंत पोचवणं हे दोन्ही हक्क कलम १४ने मालकाला दिले आहेत. साहित्यकृतीचं भाषांतर करण्याचा हक्कही त्याच कलमात येतो. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. पैशांचा मुद्दा त्याच कलमात पुढे येतो. हक्कभंग व्यापारी फायद्यासाठी केलेला नसेल, तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून किमान मर्यादेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. शिक्षा कमी होऊ शकते, एवढंच. पैसे न घेतल्याने गुन्हा पुसला जातो असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘निट प्रो’ खटल्यात कलम ६३चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. बारावीतल्या पोराला एका फॉरवर्डसाठी तुरुंगात टाका असं कोणी म्हणत नाही. पण ‘फुकट म्हणजे कायदेशीर’ हे वाक्य तेवढं बंद व्हायला हवं.

‘आमचा ग्रुप खाजगी आहे’ ही याच उत्तराची शेपटी. कलम ५२मध्ये स्वतःच्या खाजगी वापराला सूट आहे. हजारो सदस्यांचं चॅनेल चालवणं हा कोणाचाही खाजगी वापर नव्हे. टेलिग्रामवर नाव कळत नाही या भरवशावर राहणाऱ्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाचा ३० ऑगस्ट २०२२चा आदेश लक्षात घ्यावा. एका कोचिंग क्लासच्या शिक्षिकेचे व्हिडिओ आणि नोट्स चॅनेलांवर फिरत होत्या. ती चॅनेलं चालवणाऱ्यांची माहिती न्यायालयासमोर द्यावी, असं टेलिग्रामला सांगण्यात आलं आणि कंपनीला ती द्यावी लागली.

कायदा बाजूला ठेवला तरी नीतीचा प्रश्न उरतो, आणि तिथे हे उत्तर जास्तच लंगडं पडतं. फॅनसबचे, म्हणजे चाहत्यांनी केलेल्या सबटायटलचे, समर्थक ज्या परंपरेचं नाव घेतात, ती परंपरा त्यांनी नीट वाचलेलीच नाही.

१९८०-९०च्या दशकांत अमेरिकेतल्या चाहत्यांना जपानी मालिका मिळत नव्हत्या. जपानहून आलेल्या व्हीएचएस टेपवर ते घरच्या कॉम्प्युटरने इंग्रजी सबटायटल चढवत आणि टपालाने एकमेकांना पाठवत. कोरी टेप आणि टपालखर्च यापलीकडे पैसे घ्यायचे नाहीत, असा त्यांचा संकेत होता. अनेक टेपच्या सुरुवातीलाच पडद्यावर सूचना असे: ही प्रत विक्रीसाठी नाही, आणि या मालिकेचा परवाना कोणी घेतला तर वाटप थांबवा. सगळे गट ते पाळत होते असं नाही. पण नियम सर्वांना ठाऊक होता, आणि तो कोणत्याही कंपनीने लादलेला नव्हता. चाहत्यांनीच घालून घेतला होता. मालिका मिळत नाही, हेच त्या सगळ्या खटाटोपाचं समर्थन होतं. ती मिळू लागली की समर्थन संपलं, हे त्यांना कळत होतं. आज परवाना आल्यावर वर्षानुवर्षं तीच फाइल फिरवणारा माणूस कंपनीचा नियम मोडतोच, आणि ज्या चाहत्यांचा वारसा सांगतो त्यांचाही मोडतो.

‘फॅनसबमुळेच ॲनिमे जगभर पोचला’ यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्याची गरज नाही. शॉन लेनर्ड या अमेरिकी अभ्यासकाने २००५मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कल्चरल स्टडीज’मध्ये हेच मांडलं: टेपच्या या बेकायदा जाळ्यातूनच अमेरिकेत प्रेक्षक तयार झाला आणि पुढे अधिकृत बाजार उभा राहिला. ॲनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोल या साइटचा इतिहासही तसाच आहे. २००६मध्ये कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी ही साइट सुरू केली तेव्हा तिच्यावर चाहत्यांनी चढवलेल्या, परवाना नसलेल्या मालिका असत. पण जानेवारी २००९मध्ये टीव्ही टोकियोशी करार होऊन ‘नारुतो शिप्पुदेन’ जपानपाठोपाठ तिथे दिसू लागलं, तेव्हा साइटने विनापरवाना मजकूर काढून टाकला. २०२१मध्ये सोनीच्या फ्युनिमेशनने ती सुमारे १.१७५ अब्ज डॉलरना विकत घेतली. हा इतिहास सांगणारे २००६वर थांबतात. त्यांच्या युक्तिवादाला उत्तर २००९मध्ये आहे.

‘जपानी कंपन्यांना हे चालतं, नाहीतर त्यांनी केव्हाच अडवलं असतं’ हेही वारंवार ऐकू येतं. डिसेंबर २००४मध्ये मीडिया फॅक्टरी या जपानी कंपनीच्या वकिलांनी ॲनिमेसुकी या लिंक देणाऱ्या साइटला आणि दोन फॅनसब गटांना पत्र लिहून आपल्या मालिकांचं काम थांबवायला सांगितलं. अमेरिकेत परवाना गेला आहे की नाही, याच्याशी त्या पत्राला देणंघेणं नव्हतं. कंपनी गप्प आहे म्हणजे तिची संमती आहे, असा अर्थ चाहत्यांनी स्वतःच्या सोयीने लावला होता.

आणि ‘फुकट’ हे नेहमी फुकट राहतं का? चीनमधल्या ‘रेनरेन यिंगशी’ या गटाकडे पाहावं. परदेशी मालिकांना चिनी सबटायटल देणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हौशी कामातून तो सुरू झाला आणि लाखो प्रेक्षकांचा लाडका ठरला. पुढे ॲप आलं, जाहिराती आल्या, सभासदत्वाची फी आली. नोव्हेंबर २०२१मध्ये शांघायच्या न्यायालयाने गटाचे संस्थापक लियांग योंगपिंग यांना साडेतीन वर्षं कैद आणि १५ लाख युआन दंड ठोठावला. आपल्याकडच्या टेलिग्राम चॅनेलांवर सट्टेबाजीच्या ॲपच्या जाहिराती दिसतात, तिथेही कोणीतरी पैसे घेतच असतं. फाइल पुढे ढकलणाऱ्या मुलाला त्यातला रुपया मिळत नाही, पण कष्ट त्याचे असतात आणि कमाई चॅनेलवाल्याची.

‘ॲनिमेटरला तसंही काही मिळत नाही, मग कंपनी बुडाली तर बिघडलं काय?’ हा प्रश्न रागातून येतो आणि तो राग रास्त आहे. जपानमध्ये नवख्या ॲनिमेटरची कमाई फार कमी असते. बहुतेक मालिकांत पैसा घालणाऱ्या कंपन्यांची एक निर्मिती समिती असते आणि हक्क तिच्याकडे असतात. स्टुडिओची त्यात गुंतवणूक नसेल तर परवान्याच्या पैशातला वाटा त्याला थेट मिळत नाही. पण मालिकेचा पुढचा सीझन काढायचा की नाही, हे हीच समिती ठरवते, आणि तिची नजर आता परदेशाकडे आहे. असोसिएशन ऑफ जपानीज ॲनिमेशन्सच्या अहवालानुसार २०२३मध्ये या उद्योगाची बाजारपेठ सुमारे ३.३५ लाख कोटी येनची होती, आणि त्यातला १.७२ लाख कोटींचा, म्हणजे निम्म्याहून अधिक, वाटा जपानबाहेरचा होता. कमी पगाराच्या माणसावरचा अन्याय त्याचं काम विनामोबदला पाहिल्याने दूर होत नाही.

‘अधिकृत पाहणं परवडत नाही’ ही तक्रार दहा वर्षांपूर्वी खरी होती. २०२२मध्ये क्रंचीरोलने भारतातले दर महिन्याला ७९ रुपयांपर्यंत खाली आणले. तेही नको असेल तर ‘म्यूझ एशिया’ आणि ‘ॲनी-वन एशिया’ ही परवानाधारक कंपन्यांची यूट्यूब चॅनेलं आहेत. तिथे जाहिरातींसह, एक पैसा न देता, इंग्रजी सबटायटलवर अनेक मालिका पाहता येतात. प्रत्येक मालिका तिथे नसते आणि काही भाग ठरावीक काळच राहतात, हे खरं. तरीही रीतसर फुकट मिळणारी मालिका सोडून विनापरवाना फाइल शोधण्याला सवयीपलीकडे कारण सापडत नाही.

‘अधिकृत भाषांतर बेचव असतं’ असं म्हणणाऱ्यांच्या आईवडिलांनी १९९३मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ पाहिलेलं असतं. ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची मालिका. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. टीव्हीवरच्या आवृत्त्यांत काटछाट होते हे मान्य. ‘शिनचॅन’वर २००८मध्ये भारतात बंदी आली आणि नंतर तो कापूनकुपून परतला. त्या कात्रीवर राग जरूर धरावा, पण त्यासाठी चांगल्या कामालाही नावं ठेवू नयेत.

आता खरी, दुखरी तक्रार. मराठीचं काय? क्रंचीरोलवर हिंदी, तमिळ, तेलुगू डब आहेत. ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ १२ सप्टेंबर २०२५ला भारतात लागला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठी नाही. ‘मग आम्ही मराठी सबटायटल केले तर कोणाचं नुकसान?’ असा प्रश्न एखाद्या तळमळीच्या मुलीने विचारला, तर तिला झिडकारून चालणार नाही. जी आवृत्ती कोणी विकतच नाही, तिची विक्री कशी बुडणार? नीतीच्या तराजूत हे काम आणि परवाना असलेला हिंदी डब जसाच्या तसा फिरवणं एका मापाचं नाही. पण मराठी सबटायटल चिकटवलेला पूर्ण भाग वाटला की त्यातली चित्रं, आवाज, संगीत यांवर हक्क असलेली आवृत्ती बुडतेच. नुसती सबटायटलची फाइल वाटणंही निर्धोक नाही. एप्रिल २०१७मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने हौशी सबटायटलकारांच्या विरोधात निकाल दिला: संवादांचं भाषांतर हा मूळ हक्कदाराचाच अधिकार. वर उल्लेखलेल्या कलम १४चा रोखही तोच.

या हौसेला रीतसर वाट होती, आणि ती अरुंद झाली याचं वाईट वाटतं. यूट्यूबवर चॅनेलच्या संमतीने प्रेक्षकांना सबटायटल लिहून देता येत. ती सोय कंपनीने सप्टेंबर २०२०मध्ये बंद केली. राकुतेन विकी मात्र आजही परवाना घेतलेल्या आशियाई मालिकांना स्वयंसेवकांकडून सबटायटल करून घेते. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५पासून खुल्या परवान्याच्या बालकथा देतं. त्या कोणीही मराठीत आणाव्यात आणि बेलाशक वाटाव्यात. जपानी गोष्ट मराठीत येण्याला रीतसर मार्गाची अडचण कधीच नव्हती. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादात नॅशनल बुक ट्रस्टने काढलं आणि ते मराठी शिक्षकांच्या घराघरांत पोचलं. त्याच पुस्तकावरचा ॲनिमे चित्रपट २०२३मध्ये ‘डोरेमॉन’वाल्या शिन-ए स्टुडिओने केला.

उरलेले गैरसमज झटपट. ‘हक्क मूळ मालकाचे’ अशी ओळ खाली टाकल्याने परवानगी मिळत नाही. ‘डोरेमॉन जुना आहे, म्हणून खुला आहे’: मूळ चित्रकथेचे कर्ते फुजिको एफ. फुजिओ १९९६मध्ये गेले, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांच्या आपल्या नियमाने त्या चित्रकथेचे हक्क २०५६ संपेपर्यंत आहेत. खुलं काय, तर ‘श्यामची आई’. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांचं साहित्य १ जानेवारी २०११पासून सर्वांचं. ‘परवाना अमेरिकेत झाला, भारताला लागू नाही’ हे अर्धंच खरं. परवाने देशानुसार दिले जातात, पण परवाना नसलेल्या देशातही मूळ मालकाचा हक्क असतोच. जपान आणि भारत दोघेही कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहेत.

मराठी माणसाला यातलं काही नवं वाटायला नको. २९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ लागला आणि काही दिवसांतच सेन्सॉरसाठी दिलेली प्रत मोबाइलवर फिरू लागली. ती पाठवणाऱ्यांनीही पैसे घेतले नव्हते, उलट ‘आपला सिनेमा आहे, बघाच’ असं प्रेमानं लिहून पाठवली होती. तेव्हा ‘थिएटरात जाऊन बघा, फाइल डिलीट करा’ असे मेसेज मराठी ग्रुपांवर पुढे पाठवणारेही पुष्कळ होते. ‘डीमन स्लेयर’च्या लिंकखाली तसा मेसेज लिहिणारं सहसा कोणी भेटत नाही.