फायबरच्या होडीतले लाकूड

फायबरची होडी कधी कुजत नाही असे पुष्कळांना वाटते. फायबर कुजत नाही हे खरे. पण त्याचे कवच पातळ असते, ते लाटेने वाकते. म्हणून जुन्या होड्यांत तळाला लाकडी दांडे घालून वरून फायबर चढवलेले असते. स्क्रूच्या भोकांतून आत पाणी शिरते आणि वाळत नाही. मग बुरशीने लाकूड भुसभुशीत होते. वरून काहीच दिसत नाही!

माझे बाबा हातोडीने ठोकून बघतात. चांगले लाकूड टणटण वाजते, कुजलेले भद्द वाजते. आमच्या होडीचे २ दांडे भद्द वाजले. दिवाळीच्या सुट्टीत ते बदलले.

आधी होडीखाली वाळूची पोती नीट लावायची, म्हणजे तळ वाकत नाही. एका वेळी एकच दांडा काढायचा. वरचे फायबर कापून ओले लाकूड खरवडून काढायचे. तळ पुरता सुकू द्यायचा व घासून खरखरीत करायचा, नाहीतर नवे चिकटत नाही. भुकटी छातीत जाते, म्हणून तोंडाला मास्क लावायचा. मग सुके लाकूड तासून बसवायचे. १०० भाग रेझिनला १ ते २ भाग हार्डनर घालून काचेच्या धाग्यांची चटई थरावर थर चिकटवायची.

८ दिवस बाबा समुद्रावर गेले नाहीत, घरात पैसे आले नाहीत. आई म्हणाली, "असू दे. माणूस सुखरूप घरी येतो ना, तेच मोठं."

पालकहो, तुमच्याही होडीतली भोके बुजवा, आणि दर वर्षी एकदा ठोकून बघा.

– इयत्ता ४ थी