आभासी वास्तव हेडसेट (व्हिडिओ खेळांतील)

संगणकाने निर्माण केलेले दृश्य आपल्या सभोवार प्रत्यक्ष पसरलेले आहे, असा भास करून देणारे, डोक्यावर बसविण्याचे साधन. यात प्रत्येक डोळ्यासमोर एक भिंग व त्यापलीकडे लहानसा पडदा असतो. दोन्ही डोळ्यांना किंचित भिन्न प्रतिमा दाखविल्या की, मेंदू त्या एकत्र करतो व खोलीची जाणीव होते. हे तत्त्व ब्रिटिश भौतिकीविज्ञ चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्येच दाखवून दिले होते. हेडसेटमध्ये त्याला डोक्याच्या हालचालींच्या मापनाची जोड मिळते. जायरोस्कोप, त्वरणमापक व कॅमेरे यांच्या साहाय्याने डोके कोणीकडे वळले हे सतत मोजले जाते आणि त्यानुसार चित्र नव्याने रेखाटले जाते. हातांतील नियंत्रकांचे स्थानही असेच मोजतात. त्यामुळे खेळाडू तलवार चालवितो ती बटण दाबून नव्हे, तर हात फिरवून. या साधनाचे आकर्षण मुख्यतः यातच आहे.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आयव्हान सदरलंड यांनी १९६८ मध्ये असा दर्शक तयार केला. डोक्याची स्थिती मोजणारी त्याची यांत्रिक जोडणी छतापासून लोंबती ठेवावी लागे आणि दिसत ती केवळ रेषाकृती. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९९५ मध्ये विक्रीस आणलेला ‘व्हर्च्युअल बॉय’ टेबलावर ठेवून पाहावा लागे. त्यातील चित्रे लाल व काळ्या रंगांचीच असत व डोके वळविल्याने ती बदलत नसत. त्याची विक्री लवकरच थांबली. पुढे या क्षेत्राला नवी चालना मिळाली ती मोबाइल फोनमुळे. फोनसाठी बनू लागलेले लहान, सुस्पष्ट पडदे व गतिसंवेदक स्वस्त झाले होते. पामर लकी यांच्या ‘ऑक्युलस रिफ्ट’साठी २०१२ मध्ये लोकवर्गणीतून सु. २४ लाख डॉलर जमले, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली आणि २०१६ मध्ये रिफ्ट, ‘एचटीसी व्हाइव्ह’ व ‘प्लेस्टेशन व्हीआर’ हे तीन हेडसेट बाजारात आले.

चित्राचा दर्जा झपाट्याने सुधारला; मानवी शरीराची अडचण मात्र तशी सुटलेली नाही. शरीराच्या गतीची जाणीव डोळ्यांप्रमाणेच अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांलगतची संवेदनेंद्रिये यांमुळेही होते. खेळातील पात्र धावू लागते तेव्हा डोळे गती नोंदवितात, पण खुर्चीत बसलेल्या खेळाडूचा अंतर्कर्ण ती नोंदवीत नाही. या विसंगतीमुळे अनेकांना मळमळ, घाम व चक्कर यांचा त्रास होतो. जहाज लागते तेव्हा घडते ते याच्या उलट : केबिनमधील प्रवाशाला गती जाणवते, पण दिसत नाही. डोके वळणे व चित्र बदलणे यांत सु. २० मिलिसेकंदांहून अधिक विलंब झाल्यास त्रास वाढतो. म्हणून सेकंदाला ९० च्या आसपास चित्रे, तीही दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळी, रेखाटावी लागतात आणि त्यासाठी शक्तिमान संगणक लागतो.

वेगवान यंत्र विलंब कमी करते. पात्र धावते आणि खेळाडू बसलेला असतो, ही विसंगती त्याने जात नाही. यशस्वी खेळांनी तिला बगल दिली आहे. ‘बीट सेबर’मध्ये (२०१९) खेळाडू एका जागी उभा राहून संगीताच्या तालावर समोरून येणारे ठोकळे कापतो, दिसते ती हालचाल आणि केलेली हालचाल एकच असते. ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’मध्ये (२०२०) चालण्याऐवजी जागा निवडून क्षणात तेथे पोहोचण्याचा पर्याय आहे. पडद्यावरचा जुना खेळ जसाच्या तसा हेडसेटमध्ये आणला की बहुधा फसतो, त्याचे कारण हेच.

आर्थिक अडचण वेगळीच आहे. खेळाडू थोडे म्हणून मोठे खेळ कमी बनतात व खेळ कमी म्हणून खेळाडू वाढत नाहीत. ‘क्वेस्ट २’ (२०२०) हा संगणकाशिवाय चालणारा हेडसेट २९९ डॉलरला मिळू लागल्याने हे चक्र काहीसे सैल झाले. तरीही फेसबुकचे नवे नाव धारण केलेल्या मेटा कंपनीच्या संबंधित विभागाला २०२२ मध्ये सु. १,३७० कोटी डॉलर तोटा झाला. ‘क्वेस्ट २’चे वजन सु. ५०० ग्रॅ. असून त्यातील बराचसा भार चेहऱ्याच्या पुढील बाजूस येतो. खोलीतील भिंत वा टेबल दिसत नसल्याने सुरक्षित क्षेत्र आधी आखून घ्यावे लागते.

डोळ्यांबाबतचा एक प्रश्न अद्याप शिल्लक आहे. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात व नेत्रभिंगही त्याच अंतरावर केंद्रित होते. हेडसेटमध्ये डोळे वस्तूच्या भासमान अंतरानुसार वळतात, पण केंद्रीकरण मात्र साधारणतः एक ते दोन मीटरच्या ठरीव अंतरावरच राहते. दीर्घ खेळानंतर डोळ्यांना येणाऱ्या शिणवट्याचे हे एक कारण होय. केंद्रांतर बदलणाऱ्या भिंगांचे प्रायोगिक नमुने तयार झाले आहेत; त्यांसाठी नजरेचा अचूक माग ठेवावा लागतो आणि साधनाचे वजन व किंमत दोन्ही वाढतात.